ओयेज डॉट ऑर्ग: जिल्हा न्यायालयातल्या एका वकिलाचं परीक्षण

आधी मत सांगून टाकते, मग कारणं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले युक्तिवाद ऐकवणारं ओयेज हे संकेतस्थळ फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि फौजदारी बाजूला उभं राहायचं असेल अशा प्रत्येक ज्युनिअरने त्यातले निदान तीन-चार खटले ऐकावेत, असं माझं ठाम म्हणणं आहे. ऐकावेत म्हणते, वाचावेत म्हणत नाही. निकाल वाचायला जागा पुष्कळ आहेत. निकाल लागायच्या आधी न्यायालयात काय चाललं होतं, ते ऐकायची सोय मला तरी दुसरीकडे इतकी नीट लावलेली सापडली नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर १९५५ पासून तोंडी युक्तिवादांचं ध्वनिमुद्रण होतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे जेरी गोल्डमन यांनी १९९० च्या दशकात ते सर्वांपर्यंत पोचवायचं काम सुरू केलं. पुढे कॉर्नेल विद्यापीठाची कायदाविषयक माहिती संस्था, जस्टिया आणि शिकागो-केंट लॉ कॉलेज यांनी मिळून ते चालवायला घेतलं. खटल्याचं पान उघडलं की घटना काय घडली, कायद्याचा प्रश्न कोणता होता आणि न्यायालय काय म्हणालं, हे थोडक्यात मिळतं. कोणता न्यायमूर्ती कुठल्या बाजूला गेला ते फोटोंसकट दिसतं. आणि मुख्य म्हणजे युक्तिवाद. तो सुरू केला की बोललेले शब्द खाली सरकत राहतात, कोण बोलतंय ते कळतं. एखादं वाक्य निसटलं तर त्या वाक्यावर बोट ठेवायचं, आवाज तिथूनच परत सुरू होतो. आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांना या एका सोयीचं मोल फार आहे. अमेरिकी उच्चार पहिल्या झटक्यात कळत नाहीत. शब्द डोळ्यांपुढे असले की कान हळूहळू सरावतो.

मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर पुष्कळ वर्षं काढली. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याच्या रिमांडपासून अपिलापर्यंतची कामं हातून गेली आहेत. पोवई नाक्याजवळच्या माझ्या ऑफिसात संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, लावून झाला की ज्युनिअर थोडा वेळ थांबतात, आणि मी लॅपटॉपला स्पीकर जोडते. सुरुवात मी केली ती एका गोष्टीचा त्रास होत होता म्हणून. पोरं हुशार आहेत, पण मूलभूत हक्क त्यांना पाठ असतात. घटनेचं कलम २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, विचारलं की धडाधड बोलतात. निकालाचं नाव आणि साल तोंडावर. तो हक्क कुणीतरी कधीतरी साशंक न्यायमूर्तींपुढे उभं राहून मागितला होता, आणि तो मिळेलच याची त्या माणसाला खात्री नव्हती, हे त्यांच्या गावीही नसतं. निकालात सगळं ठरलेलं असतं. युक्तिवादात काहीच ठरलेलं नसतं.

म्हणून पहिला खटला गिडिअन विरुद्ध वेनराइट. १५ जानेवारी १९६३ चा युक्तिवाद.

क्लॅरन्स अर्ल गिडिअन हा फ्लोरिडातल्या पनामा सिटीचा गरीब, पन्नाशीचा माणूस. १९६१ साली एक पूल रूम (बिलियर्डसारखा ‘पूल’ खेळायची जागा) फोडून किरकोळ चोरी केल्याचा त्याच्यावर आरोप. त्याने न्यायाधीशाकडे वकील मागितला. फ्लोरिडाच्या कायद्याने फाशीच्या गुन्ह्यातच सरकारी खर्चाने वकील मिळे, म्हणून न्यायाधीशाने नकार दिला. त्यावर गिडिअन म्हणाला की मला वकील मिळायलाच हवा असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. त्या दिवशी हे खरं नव्हतं! १९४२ च्या बेट्स खटल्यात न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं होतं. गिडिअनने साक्षीदारांना स्वतःच प्रश्न विचारले, हरला, पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि तुरुंगातून पेन्सिलीने लिहून त्याने सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज धाडला. न्यायालयाने तो घेतला आणि त्याची बाजू मांडायला वॉशिंग्टनमधले नामवंत वकील एब फोर्टस यांना नेमलं.

फोर्टस यांचा युक्तिवाद ऐकताना माझे ज्युनिअर पहिल्यांदा गप्प झाले. घाई नाही, आवाज चढत नाही. त्यांचा एक मुद्दा असा की क्लॅरन्स डॅरोसारख्या नावाजलेल्या फौजदारी वकिलावर जेव्हा स्वतःवरच खटला भरला गेला, तेव्हा त्यालासुद्धा आपल्यासाठी वकील लागला. मग शाळाही पुरती न शिकलेल्या माणसाने उलटतपास कसा घ्यायचा? समोर फ्लोरिडाच्या बाजूने ब्रूस जेकब हा तिशीही न गाठलेला वकील. त्याच्यावर प्रश्नांचा मारा चालतो. तो वाक्य सुरू करतो, कुणीतरी तोडतं. सावरतो, दुसरं कुणीतरी तोडतं. राज्यांनी आपापला फौजदारी कारभार कसा चालवायचा ते त्यांनाच ठरवू द्या, आणि हा निर्णय फिरवला तर आधी शिक्षा झालेल्यांचं काय करायचं, हे त्याचे मुद्दे पोकळ नव्हते. मला त्याच्याबद्दल आदर वाटला. हरणाऱ्या बाजूचा वकील तयारीनिशी उभा होता म्हणूनच त्या निकालाला वजन आलं.

१८ मार्च १९६३ ला निकाल लागला, एकमताने. लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४२ च्या बेट्स खटल्यात विरोधी मत नोंदवणारे ब्लॅक हेच. एकवीस वर्षांनी तेच मत कायदा झालं. त्याच ऑगस्टमध्ये गिडिअनवर नव्याने खटला चालला, या वेळी सोबत वकील होता. त्या वकिलाने सरकार पक्षाच्या मुख्य साक्षीदाराचा नीट उलटतपास घेतला आणि ज्यूरीने गिडिअनला निर्दोष सोडलं. तोच आरोप, तोच मुख्य साक्षीदार. फरक एका वकिलाचा.

विधी सेवेचं काम कमी प्रतीचं समजणारे लोक प्रत्येक बाररूममध्ये असतात, आमच्याकडेही आहेत. मोफत विधी साहाय्याचं कलम ३९-अ आपल्या घटनेत आलं ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. १९७८ चा होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य आणि १९७९ चा हुसैनारा खातून हे निकाल आले तेव्हा कुठे मोफत वकील हा आरोपीचा हक्क ठरला. पुढे खत्री खटल्यात न्यायालयाने सांगितलं की दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभं करतात तेव्हापासूनच तो हक्क लागू होतो. आता जिल्ह्यांत गरीब आरोपींची वकिली करणारी लोकअभिरक्षक कार्यालयं आली आहेत. तिथे काम करायचं ठरवलेल्या मुला-मुलींनी गिडिअनची ध्वनिफीत संपूर्ण ऐकावी. त्या काळी एकेका बाजूला तासभर मिळत असे, हल्ली अर्धा तास मिळतो, त्यामुळे जुने खटले लांब आहेत. दोन बैठकांत ऐका.

यानंतर लगेच टिंकर विरुद्ध दे मॉइन लावा, असं मी मुद्दाम सांगेन. कारण त्यात गिडिअन खटल्यातली दोन माणसं पुन्हा भेटतात. १९६५ च्या डिसेंबरात आयोवा राज्यातल्या दे मॉइनमध्ये काही शाळकरी मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ हाताला काळी फीत बांधून शाळेत गेली. मेरी बेथ टिंकर तेव्हा तेरा वर्षांची. शाळेने फीत काढा म्हटलं, मुलांनी काढली नाही, त्यांना घरी पाठवलं. १२ नोव्हेंबर १९६८ च्या युक्तिवादात न्यायमूर्ती व्हाइट मुलांच्या वकिलाला कोंडीत पकडतात. गोंगाट झाला नसेल, पण वर्गातल्या बाकीच्यांचं लक्ष अभ्यासावरून उडून फितीकडे आणि युद्धाकडे जाईलच की नाही, असा तो प्रश्न. माझ्या एका ज्युनिअरची आई शिक्षिका आहे. ती म्हणाली, “मॅडम, आई पण हेच विचारेल.” म्हणजे प्रश्न खरा होता.

निकाल मुलांच्या बाजूने लागला, सात विरुद्ध दोन. विद्यार्थी शाळेच्या फाटकाशी आपले घटनात्मक हक्क उतरवून आत जात नाहीत, हा त्यातला गाभा. लिहिणारे न्यायमूर्ती होते एब फोर्टस. गिडिअनचे वकील १९६५ साली स्वतः त्या बाकावर जाऊन बसले होते. आणि कडाडून विरोधी मत देणारे कोण, तर ह्यूगो ब्लॅक. गरीब आरोपीला वकील द्या म्हणून एकवीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला शाळकरी पोरांची फीत मात्र सहन झाली नाही. माणूस नागरी स्वातंत्र्याच्या बाजूचा आहे असं एकदा म्हटलं की तो प्रत्येक प्रश्नावर तिथेच उभा राहील असं नसतं. हे पाठ्यपुस्तकातून कळायला मला फार वेळ लागला असता. लागोपाठ दोन खटले ऐकल्यावर एका आठवड्यात कळलं.

आपल्याकडचा याचा भाऊ शोभावा असा निकाल म्हणजे १९८६ चा बिजो इमॅन्युएल. केरळातली तीन मुलं राष्ट्रगीताला उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यात अमेरिकेतल्या १९४३ च्या बार्नेट खटल्याचा आधार घेतला आहे. तो बार्नेट मात्र ओयेजवर ऐकायला मिळणार नाही, तेव्हा ध्वनिमुद्रणच होत नसे. १९५५ च्या आधीचं सगळं फक्त वाचायचं.

त्याची मला एका बाबतीत खरी हळहळ आहे. १९२३ साली भगतसिंग थिंद यांना अमेरिकेने नागरिकत्व नाकारलं, कारण कायद्याला ‘गोरा’ माणूस हवा होता आणि न्यायालयाच्या मते हिंदुस्थानी माणूस त्यात बसत नव्हता. थिंद यांच्या वकिलांमध्ये सखाराम गणेश पंडित होते. त्या निकालानंतर सरकारने खुद्द पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला खटला भरला. ते लढले आणि जिंकले. इतकी वर्षं नागरिक म्हणून जगू दिल्यावर, वकिली करू दिल्यावर आता सरकारला मागे फिरता येणार नाही, या तत्त्वावर. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. हिंदुस्थानी लोकांना अमेरिकी नागरिक होण्याची वाट १९४६ च्या कायद्याने उघडली. ते पंडितांचे शब्द, तो सूर ऐकायला मिळाला असता तर!

मिरांडाकडे येते, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला आधी तोच हवा असतो. सिनेमातला पोलीस बेड्या घालता घालता ‘तुला गप्प राहण्याचा हक्क आहे’ म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक. चौकशीआधी पोलिसांनी ही ताकीद दिलीच पाहिजे असं ठरवणारा १९६६ चा हा खटला पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी लागला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मिरांडाचे वकील जॉन फ्लिन यांचा युक्तिवाद ऐका. न्यायमूर्ती स्टुअर्ट त्यांना विचारत राहतात की हा हक्क नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो. मग ज्युनिअरांना मी आपला कायदा काढायला लावते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीतच करता येत नाही, ही तरतूद आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. अमेरिकेत ताकीद दिली असेल तर तो कबुलीजबाब न्यायालयात येतो; आपल्याकडे ताकीद दिली तरी येत नाही. कागदावर आपला आरोपी जास्त सुरक्षित आहे. कोठडीत प्रत्यक्ष काय होतं, अटकेची कारणं सांगतात का, नातेवाइकांना कळवतात का, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेतात का, यासाठी मात्र डी. के. बसू खटल्यात न्यायालयाला नियमांची यादी घालून द्यावी लागली. तेव्हा अमेरिकेचं सगळं पुढे आणि आपलं मागे, असं समजून कुणी हे संकेतस्थळ वापरू नये. दोन्ही कायदे शेजारी ठेवून ऐकलं तरच उपयोग.

आणि एक आवाज साताऱ्याच्या माणसाने खास ऐकावा, न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांचा. आपल्या घटनेचा मसुदा तयार होत असताना, १९४७ मध्ये, घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन त्यांना भेटले होते. अमेरिकेच्या घटनेतलं ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची रास्त प्रक्रिया) आपल्या घटनेत घालू नका, त्याने निवडून आलेल्या विधिमंडळावर न्यायाधीशांची सत्ता चालते, असं फ्रँकफर्टर यांचं मत होतं. कलम २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, हे प्रस्थापित व्हायला १९७८ चा मनेका गांधी खटला यावा लागला. ज्या माणसाच्या सल्ल्याची सावली आपल्या कलम २१ वर इतकी वर्षं पडली, तो १९५८ च्या कूपर विरुद्ध आरन खटल्यात बाकावरून प्रश्न विचारताना ऐकायला मिळतो. लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना गोऱ्या मुलांसोबत बसू द्यायचं की विरोध होतो म्हणून पुढे ढकलायचं, हा तो खटला. मुलांच्या बाजूने उभे आहेत थर्गुड मार्शल. आठ-नऊ वर्षांनी तेच मार्शल त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, त्याची आठवण म्हणून आपण दरवर्षी विद्यार्थी दिन पाळतो. सातारा जिल्ह्यातलं कटगुण ज्यांचं मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं होतं. कूपर खटल्यातला मार्शल यांचा आवाज या गावात ऐकताना परका वाटत नाही.

लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया हा खटला मी ज्युनिअरांसाठी लावला, पण खरा परिणाम माझ्यावर झाला. रिचर्ड गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय. १९५८ साली वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, गावी परतले, आणि रात्री पोलीस घरात शिरले. वर्षभराची शिक्षा, ती स्थगित; अट अशी की पंचवीस वर्षं दोघांनी मिळून व्हर्जिनियात पाऊल ठेवायचं नाही. १० एप्रिल १९६७ च्या युक्तिवादात राज्याचा वकील सांगतो की अशा कुटुंबांवर ताण जास्त येतो, त्यांच्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून राज्याने अशी लग्नं अडवणं योग्य आहे. हे मी ऐकलंय. इंग्रजीत नव्हे, आपल्याच भाषेत, आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याच्या शेजारी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून, मुलीच्या चुलत्यांच्या तोंडून. “पोरांचं फुडं काय हुईल, इचार केलाय का वकीलबाई?” हाच युक्तिवाद, हाच काळजीचा सूर.

लव्हिंग नवरा-बायको सुनावणीला गेले नव्हते. त्यांचे वकील बर्नार्ड कोहेन न्यायालयाला रिचर्डचा निरोप सांगतात: माझं बायकोवर प्रेम आहे, आणि व्हर्जिनियात मला तिच्यासोबत राहता येत नाही हा अन्याय आहे, एवढंच सांगा. इतका मोठा घटनात्मक युक्तिवाद चालू असताना एक गवंडीकाम करणारा माणूस दोन वाक्यांत सगळं सांगतो. १२ जूनला निकाल आला, एकमताने. आपल्याकडे १९५४ पासून विशेष विवाह कायदा आहे, पण त्यातली तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते आणि घरच्यांना पत्ता लागतो. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालाने अशा जोडप्यांच्या रक्षणाची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आणि पोलिसांवर टाकली. तो निकाल पोलीस ठाण्यात नेऊन दाखवावा लागतो, आणि दाखवायला घाबरू नये.

आता वकील नसलेल्यांसाठी. सातारा, कराड, कोरेगाव भागात ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत असे आई-वडील माझ्याकडे येतात. विचारायला येतात जमिनीचं, आणि बोलता बोलता नागरिकत्वावर येतात. मुलाने अमेरिकी नागरिकत्व घेतलं की आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. दोन्ही ठेवता येत नाहीत. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र येते, त्यामुळे सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीसाठी उगाच धास्ती घेऊ नये.

अमेरिकेची बाजू कशी वेगळी आहे ते कळायला अफ्रोयिम विरुद्ध रस्क ऐका. बेज अफ्रोयिम हा पोलंडमध्ये जन्मलेला चित्रकार १९२६ साली अमेरिकी नागरिक झाला. पुढे इस्रायलला गेला, १९५१ च्या तिथल्या निवडणुकीत मत दिलं, म्हणून अमेरिकेने त्याला पासपोर्ट नाकारला. १९६७ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की नागरिकाने स्वतःहून सोडल्याशिवाय त्याचं नागरिकत्व संसदेला काढून घेता येणार नाही. निकाल लिहिला पुन्हा ह्यूगो ब्लॅक यांनी. चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेतलेला हा निकाल ज्यांच्या मुलांनी तिकडची शपथ घेतली आहे त्यांनी ऐकावाच.

आणि जन्माने नागरिकत्व. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळालाही नागरिक मानायचं नाही असं म्हटलं. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या १८९८ च्या खटल्यापासून चालत आलेला अर्थच त्याने बदलू पाहिला. न्यायालयांनी आदेश अडवला. कोरेगावकडचे एक आजोबा माझ्यापुढे बसून म्हणाले, “मग नातू कुनाचा म्हनायचा, वकीलबाई?”

मी त्यांना ट्रम्प विरुद्ध कासा या खटल्याची, १५ मे २०२५ ची ध्वनिफीत ऐकवली आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. न्यायमूर्ती कॅव्हनॉ सरकारी वकिलाला विचारतात: आदेश लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रुग्णालयं नवजात बाळाचं काय करणार? राज्यं काय करणार? दवाखान्यात बाळ जन्मलं, आता कागदावर काय लिहायचं, हा प्रश्न आजोबांना लगेच कळला. २७ जून २०२५ चा निकाल मात्र खालच्या न्यायालयांनी देशभर लागू होणारे मनाई हुकूम काढावेत का, एवढ्यापुरता होता. आदेश घटनेत बसतो का, हे त्यात ठरलं नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून हा फरक कळत नव्हता, ओयेजच्या पानावर प्रश्न वेगळा मांडलेला असल्याने कळला. आणि आजोबांना मी आपला कायदाही सांगितला. परदेशात जन्मलेल्या बाळाच्या आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असेल तर वर्षभरात भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करून वंशाने नागरिकत्व मिळू शकतं. मात्र बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं.

वापरण्याआधी काही गोष्टी ध्यानात ठेवा. सगळं इंग्रजीत आहे. साठच्या दशकातल्या फितींचा आवाज कुठे कुठे घुमतो, हेडफोन लावा. खटल्याचा सारांश फार थोडक्यात असतो. तो वाचून न्यायालयात आधार म्हणून सांगू नका, मूळ निकालच उघडा. आणि अमेरिकेचा निकाल आपल्या न्यायाधीशांवर बंधनकारक नाही, हे ज्युनिअरांनी एकदा नव्हे अनेकदा स्वतःला बजावावं. तिथे कॅमेरा नाही, फक्त आवाज. तोही थेट ऐकू येऊ लागला मे २०२० मध्ये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या चित्रासकट दाखवायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाच्या सुनावणीत बोललेलं लगोलग लिहून घेण्याची सोय पहिल्यांदा वापरली. म्हणजे माल आपल्याकडेही जमतो आहे. तो खटल्यानुसार, वाक्यानुसार, मराठी सारांशासह कुणीतरी असाच लावून द्यायला हवा. विद्यापीठांनी हे काम घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोवर आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं आहे. ओयेजवरचा मजकूर श्रेय देऊन, विक्रीसाठी नसेल तर वापरता येतो. गिडिअनच्या युक्तिवादाचं मराठी टिपण ज्युनिअरांनी तयार केलंय, कुठल्या मिनिटाला काय येतं याच्या खुणांसह. लव्हिंगचं अर्धं झालंय. साताऱ्यातल्या लॉ कॉलेजच्या मुलांना हवं असेल तर कोर्ट सुटल्यावर बाररूममध्ये येऊन घेऊन जावं. येताना हेडफोन आणि कलम २१ चं पुस्तक सोबत आणावं.